फिल्मच्या जागी कागद

काबूलच्या रस्त्यांवर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिवईवर ठेवलेले लाकडी खोके दिसायचे. पुढे भिंग, बाजूला काळ्या कापडाची बाही. ओळखपत्रासाठी फोटो हवा असलेला माणूस समोर स्टुलावर बसला की फोटोवाला भिंगावरचं झाकण काढायचा, मनात एक-दोन आकडे मोजायचा आणि झाकण परत लावायचा. शटर नावाची वस्तू त्या कॅमेऱ्यात नव्हतीच. मग बाहीतून हात आत घालून तो खोक्यातल्या खोक्यात कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवायचा, तिथून हायपोत टाकायचा आणि थोड्या वेळाने ओला कागद बाहेर काढायचा. त्यावर गिऱ्हाईक असायचं, पण काळ्या चेहऱ्याचं आणि पांढऱ्याशुभ्र दाढीचं. हा कागद बादलीत विसळून भिंगासमोरच्या फळीवर लावायचा आणि त्याचाच पुन्हा एक फोटो काढायचा. उलट्याचं उलट झालं की सुलटा चेहरा मिळाला.

या सगळ्या खटाटोपात फिल्म कुठेच नाही. निगेटिव्हही कागदाची आणि फोटोही कागदाचा, एकाच पाकिटातला, एकाच रसायनात धुतलेला. जयपूरला हवामहलासमोर असेच खोके घेऊन बसणारे फोटोवाले अगदी अलीकडेपर्यंत होते. काबूलमधल्या या धंद्याची बारकाईने नोंद लुकास बर्क आणि शॉन फोली या दोघांनी २०११ पासून केली, तोवर डिजिटल कॅमेऱ्याने त्यातला बहुतेक जीव काढून घेतला होता.

आता हाच प्रकार जगभरचे हौशी छायाचित्रकार पुन्हा करत आहेत, मात्र भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांत. चार बाय पाच इंच, आठ बाय दहा इंच अशा मापाची एकेक फिल्म होल्डरमध्ये भरून वापरायचे हे कॅमेरे. फिल्मऐवजी त्यात डार्क रूममधला साधा ब्रोमाइड पेपर भरायचा आणि त्याचीच निगेटिव्ह करायची. स्वस्त पडतं म्हणून बहुतेक जण याकडे वळतात. पण स्वस्ताईपेक्षा मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. फोटोचा कागद अंधाऱ्या खोलीत, निगेटिव्हमधून गाळून आलेला प्रकाश झेलण्यासाठी बनवलेला असतो. त्याला उन्हात, थेट जगासमोर उभं केलं की तो चुकायला लागतो, आणि त्याची प्रत्येक चूक प्रकाशाबद्दल काहीतरी सांगून जाते. फिल्म आणि फोनने ज्या गोष्टी आपल्या नजरेआड केल्या, त्या कागद उघड्या पाडतो.

तसं पाहिलं तर निगेटिव्हचा जन्मच कागदावर झाला. इंग्लंडमध्ये लेकॉक ॲबी या आपल्या वाड्यात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने ऑगस्ट १८३५ मध्ये एका खिडकीचं चित्र कागदावर उमटवलं. मिठाचं पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेला तो कागद टपाल तिकिटाहून फारसा मोठा नव्हता. कॅमेऱ्यात काढलेली, आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. तेव्हा चित्र कॅमेऱ्यातच दिसायला लागेपर्यंत वाट पाहावी लागे, म्हणजे भर उन्हातही बराच काळ. सप्टेंबर १८४० मध्ये टॅलबटच्या लक्षात आलं की थोडाच वेळ प्रकाश मिळालेल्या, कोऱ्या दिसणाऱ्या कागदावरही चित्र दडलेलं असतं आणि गॅलिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेटच्या मिश्रणाने ते वर आणता येतं. डेव्हलप करणं म्हणतात ते इथे सुरू झालं. या पद्धतीला त्याने कॅलोटाइप नाव दिलं आणि १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. चित्र पक्कं करणारा हायपो आणि निगेटिव्ह-पॉझिटिव्ह हे शब्द मात्र त्याचा मित्र जॉन हर्शेलचे.

पेटंटमुळे इंग्लंडात कॅलोटाइपचा प्रसार रखडला. स्कॉटलंडमध्ये पेटंट लागू नव्हतं, तिथे एडिंबरोला डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन या जोडीने १८४३ पासून चारेक वर्षांत कागदी निगेटिव्हवर जी माणसं टिपली, ती आजही पोर्ट्रेटचा वस्तुपाठ मानली जातात. कागदाच्या तंतूंमुळे बारकावे थोडे विरघळतात, उजेड-सावलीचे मोठे पट्टे तेवढे उरतात. चेहऱ्यांना ते मानवतं.

पुढची गोष्ट आपल्या जवळची आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, ती भारतातली पहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, मुंबई इलाख्याने तोफखान्यातल्या कॅप्टन थॉमस बिग्जला प्राचीन वास्तूंचे फोटो काढायला नेमलं. विजापूर, बदामी, ऐहोळे इथले घुमट आणि लेणी त्याने कागदी निगेटिव्हवर उतरवली. वर्ष संपता संपता त्याला पलटणीत परत बोलावलं गेलं आणि काम डॉ. विल्यम पिगू या लष्करी डॉक्टरकडे आलं. आग्र्यात जॉन मरे हाही डॉक्टरच. त्याने ताजमहालाच्या सोळा बाय वीस इंचांच्या आसपासच्या कागदी निगेटिव्ह काढल्या. तेवढा मोठा कॅमेरा यमुनेच्या वाळूत उभा करायचा म्हणजे किती माणसं लागली असतील, याचा विचार या फोटोंकडे पाहताना करावासा वाटतो.

आणि लिनियस ट्राइप. १८५५ मध्ये ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर जाऊन त्याने दोनशेहून जास्त निगेटिव्ह केल्या, नंतर मद्रास इलाख्याचा छायाचित्रकार झाला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याशी कोरलेले लेख त्याने १८५८ मध्ये एकवीस निगेटिव्हांत पकडून, प्रती एकमेकींना जोडून सुमारे १९ फूट लांबीचा पट तयार केला. (याच मंदिरात सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी इतिहासही आहे. ट्राइपचा पट मात्र मंदिराच्या मूळ लेखांचा.)

काचेवरची कलोडियन पद्धत १८५१ मध्येच निघाली होती आणि ती कागदापेक्षा कितीतरी जलद व रेखीव होती. तरी ही मंडळी कागदाला धरून राहिली, त्याला कारण होतं. कलोडियनची काच ओली असतानाच वापरून ओली असतानाच धुवावी लागते. म्हणजे प्रत्येक मुक्कामी अंधाराचा तंबू, बाटल्या, काचा, आणि उन्हाळ्यात झपाट्याने उडून जाणारं इथर. गुस्ताव ल ग्रेने १८५१ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीत कागदाला आधी मेण पाजायचं. असा कागद काही दिवस आधी तयार करून ठेवता येई आणि धुण्यालाही घाई नसे. बैलगाडीतून हिंडणाऱ्या माणसाला फुटणाऱ्या काचांपेक्षा कागदाची चळत परवडणारच.

पण या सगळ्या फोटोंत आकाश पाहा. कोरं, नाहीतर डागाळलेलं. ट्राइप निगेटिव्हवर ब्रशने रंग लावून ढग काढायचा, झाडांच्या काळ्या गोळ्यांत पानं भरायचा. आळस नव्हता तो. कागदाला जे दिसत नव्हतं ते तो हाताने भरून काढत होता. कागदाला काय दिसत नाही, ते आता पाहू.

चांदीचे क्षार मुळात अतिनील, जांभळ्या आणि निळ्या प्रकाशालाच दाद देतात. हिरव्याला थोडीफार, पिवळ्या-तांबड्याला जवळजवळ नाहीच. बर्लिनच्या हेर्मान फोगेलने १८७३ मध्ये शोधलं की क्षारांत विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर त्यांना हिरवंही दिसू लागतं. त्यातूनच पुढे सगळे रंग पाहणारी फिल्म आली. डार्क रूमच्या कागदाला मात्र मुद्दाम तांबड्याकडे आंधळं ठेवलं गेलं, कारण तो लाल दिव्याखाली हाताळायचा असतो. म्हणून कागद कॅमेऱ्यात घातला की आपण थेट १८५५ सालच्या नजरेने बघायला लागतो.

कुंकू काळं येतं. हळद लावलेला चेहरा मळकट दिसतो, झेंडूचं तोरण कोळशाचं वाटतं. उलट निळी पैठणी जवळजवळ पांढरी पडते. जुन्या घरांत भिंतींवर टांगलेल्या पणजोबा-पणजीच्या फोटोंत ठसठशीत काळं कुंकू दिसतं त्याचं कारण हेच; त्या काचेच्या प्लेटाही निळ्याच्याच भक्त होत्या. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत तांबडा-पिवळा अंश जास्त, म्हणून ती आहे त्याहून गडद येते, तीळ, वांग, सुरकुत्या उठून दिसतात. लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढायचा असेल तर कागदाच्या वाटेला जाऊ नये. काबूलचे फोटोवाले यावर एक युक्ती करायचे. ओल्या निगेटिव्हवरच्या चेहऱ्याला लाल रंगाचा हलका हात द्यायचे. दुसऱ्यांदा फोटो काढताना कागदाला तो लाल भाग काळा दिसायचा आणि अंतिम फोटोत चेहरा उजळ यायचा. कागदाच्या आंधळेपणावर त्याच आंधळेपणाचा उतारा.

निसर्गदृश्यांतही हाच हिशेब. निळं आकाश कागदाला ढगांइतकंच पांढरं दिसतं, म्हणून ढग गायब. लांबच्या डोंगरावरची धूसर निळसर हवा तो प्रामाणिकपणे टिपतो, म्हणून सह्याद्रीच्या तिसऱ्या-चौथ्या रांगा पुसल्या जातात. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेतही त्या फिक्या पडतात. मला वैयक्तिकरीत्या हा परिणाम आवडतो. खोली वाढल्यासारखी वाटते. ज्यांना प्रत्येक सुळका मोजता यावा असं वाटतं त्यांनी फिल्म वापरावी.

याचा व्यवहारातला त्रास वेगळाच आहे. लाइट मीटरला सगळे रंग दिसतात, कागदाला नाही. त्यामुळे दुपारी बरोबर ठरलेलं गणित संध्याकाळच्या सोनेरी उन्हात कोलमडतं. डोळ्यांना भरपूर वाटणाऱ्या त्या उजेडात निळा अंश फार कमी उरलेला असतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडातही तेच. ढगाळ दिवशी किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ मात्र उजेड मंद दिसला तरी निळा असतो आणि कागद अपेक्षेपेक्षा जलद वागतो.

जलद म्हणजे किती? कागदाच्या पाकिटावर छापलेला वेगाचा आकडा शेकड्यांत असतो, पण तो छपाईसाठीच्या मोजमापाचा. फिल्मच्या आयएसओशी त्याचा संबंध नाही. कॅमेऱ्यात वापरताना बहुतेक लोक कागदाला आयएसओ ६ च्या आसपास धरून सुरुवात करतात आणि आपापल्या कागदाप्रमाणे ३ ते १२ मध्ये कुठेतरी स्थिरावतात. शंभर वेगाच्या फिल्मपेक्षा हा सोळा पट मंद. कडक उन्हात भिंगाचं छिद्र एफ १६ वर असताना सेकंदाचा सहावा भाग, एफ २२ वर तिसरा भाग, आणि मोठ्या कॅमेऱ्यांत नेहमी वापरतात त्या एफ ६४ वर जवळजवळ तीन सेकंद. इथे हा मंदपणा उपयोगी पडतो. तीन सेकंदांसाठी शटर कशाला हवं? भिंगावरची टोपी काढून परत लावली की झालं. म्हणूनच जुनी, शटर नसलेली पितळी भिंगं, फोटोकॉपी यंत्रातून काढलेली भिंगं, अगदी वाचायचं भिंगसुद्धा पुठ्ठ्याच्या घरगुती कॅमेऱ्यात चालून जातं. सुईच्या छिद्राचा कॅमेरा असेल तर एफ २५६ ला पाऊण मिनिट.

होल्डरमध्ये कागद बसवण्याचं तंत्र सोपं. आठ बाय दहाचा एक कागद चौघांत कापला की चार बाय पाचचे चार तुकडे होतात, पण चार बाय पाचची फिल्म प्रत्यक्षात त्या मापाहून जराशी लहान असते, म्हणून कडेने एक-दोन मिलिमीटर आणखी छाटावे लागतात. हे लाल दिव्याखाली, डोळ्यांनी बघत करता येतं. ज्याने पूर्ण अंधारात चाचपडत फिल्म भरली आहे त्याला ही चैन कळेल. धुतानाही तसंच. फिल्म घड्याळावर भरवसा ठेवून धुवावी लागते. कागदावर चित्र कसं चढतंय ते समोर दिसतं, आवडलं तिथे थांबता येतं. विद्यार्थ्यांना शिकवायला यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही. बाजारात मिळणारा कोणताही लाल एलईडी मात्र सुरक्षित मानू नये. कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवून, दिव्याखाली पाच-सात मिनिटं ठेवून धुऊन पाहावं. नाण्याचा ठसा उमटला तर दिवा बदलावा.

आपल्याकडे एक अडचण हवामानाची. डेव्हलपरचं सगळं गणित वीस अंश तापमानावर मांडलेलं असतं. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या वर जातं आणि मिनिटाचं काम निम्म्या वेळात उरकतं, मग बघत थांबण्याची चैन संपते. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवणं किंवा डेव्हलपर आणखी पातळ करणं हे उपाय. दुसरी अडचण मिळण्याची. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद एकेकाळी गावोगावच्या स्टुडिओंत असायचा. तो कारखाना बंद पडल्यापासून आयात कागदावर भिस्त आहे. तरी आठ बाय दहाच्या एका फिल्मच्या पैशात कागदाची बरीच पानं येतात, आणि जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर सापडलेलं मुदत उलटलेलं पाकीटही चालतं. ते थोडं काळवंडलेलं असतं, पण हा काळवंडण्याचा गुण पुढे कामाला येतो.

आता मुख्य डोकेदुखी: कॉन्ट्रास्ट. कागदाच्या निगेटिव्हवर पहिल्यांदा हात टाकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला खडूसारखं पांढरं आणि डांबरासारखं काळं, मध्ये काही नाही असं चित्र मिळतं. कारण आकड्यांत आहे. भर उन्हातल्या अंगणात सावलीतला कोपरा आणि चुन्याची भिंत यांच्या उजेडात सहज एकास सव्वाशेचं अंतर असतं, छायाचित्रकारांच्या भाषेत सात स्टॉप. फिल्म हे अंतर घडी घालून आपल्या अंगात सामावते आणि निगेटिव्हवर ते एकास दहा-बारापर्यंत खाली आणते. मधल्या प्रतीचा, म्हणजे ग्रेड दोनचा कागद नेमका तेवढ्याच अंतरासाठी, सुमारे साडेतीन स्टॉपसाठी बनवलेला असतो. मधला दलाल काढून कागदाला थेट अंगणासमोर उभं केलं की सातपैकी निम्मे स्टॉप त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. एक्स्पोजर भिंतीसाठी धरलं तर सावली कोरी, सावलीसाठी धरलं तर भिंत जळते.

उपाय तीन-चार आहेत. सर्वांत सोपा म्हणजे ढगाळ दिवस निवडणं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा कागदाचा हंगामच म्हणायला हवा. दुसरा, डेव्हलपर पातळ करून हळूहळू धुणं. तिसरा मल्टिग्रेड कागदाच्या घडणीतून येतो. १९४० पासून बाजारात असलेल्या या कागदात निळ्याला आणि हिरव्याला दाद देणारे घटक मिसळलेले असतात. निळ्या उजेडात तो कडक वागतो, हिरव्या-पिवळ्या उजेडात मऊ. उघड्या आकाशाखाली निळा उजेड मुबलक, म्हणून कागद नेमका सर्वांत कडक होतो. भिंगापुढे पिवळा फिल्टर लावला की निळं अडतं आणि कॉन्ट्रास्ट उतरतो. फिल्टरने उजेडही अडतो, त्यामुळे आधीच मंद असलेला कागद आणखी मंद होतो. पळणाऱ्या पोरांचे फोटो काढायचा विचार सोडून द्यावा. एकाच ठरलेल्या ग्रेडच्या कागदाला ही मात्रा लागू पडत नाही.

चौथा उपाय सर्वांत गमतीचा. कॅमेऱ्यात घालण्याआधीच कागदावर थोडासा, मोजून मापून उजेड पाडायचा. याला फ्लॅश करणं म्हणतात. ऐकायला वेडगळ वाटतं, कारण उजेड लागलेला कागद म्हणजे वाया गेलेला कागद असंच आपण शिकलेलो असतो. पण चांदीच्या क्षाराचा एक कण डेव्हलपरला दाद द्यायला लागतो तो त्यात काही मोजके चांदीचे अणू एकत्र जमल्यावर. एखादा प्रकाशकण पडून एकच अणू सुटला तर तो टिकत नाही, हिशेब वाया जातो. सावलीतून येणारा क्षीण उजेड असाच उंबरठ्याच्या अलीकडे मरतो. आधीच्या फ्लॅशने सगळ्या कणांना उंबरठ्यापाशी आणून ठेवलं की सावलीतला तोच दुबळा उजेड त्यांना पलीकडे ढकलू शकतो. उन्हातल्या भिंतीकडून येणाऱ्या उजेडाच्या तुलनेत ही भर नगण्य, म्हणून तिथे फरक पडत नाही. परिणामी सावलीत तपशील येतो आणि एकूण कॉन्ट्रास्ट नरमतो. मात्रा ठरवायची रीत अशी: एन्लार्जरखाली पट्टीवर वाढत्या वेळाचे टप्पे द्यायचे, धुवायचं, ज्या टप्प्याला पहिल्यांदा राखाडी झाक दिसते त्याच्या किंचित अलीकडचा वेळ घ्यायचा. मघाच्या मुदत उलटलेल्या कागदाला हा फ्लॅश काळाने फुकटातच दिलेला असतो, फक्त मोजून दिलेला नसतो.

मोठ्या कॅमेऱ्यातून थेट कागदावर फोटो काढण्याचा सर्वांत मोठा व्यापार मात्र कलावंतांनी केला नाही, कचेऱ्यांनी केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत जॉर्ज बायडलरने रेक्टिग्राफ हे यंत्र काढलं, पाठोपाठ फोटोस्टॅट आलं. दोन्ही म्हणजे खोलीच्या कोपऱ्याएवढे कॅमेरे. आत फोटोच्या कागदाची गुंडाळी, भिंगापुढे लोलक. दस्त समोर ठेवायचा, काही सेकंद उजेड द्यायचा, यंत्रातच कागद धुवायचा. हाती येई ती निगेटिव्ह, काळ्यावर पांढरी अक्षरं. कॅमेऱ्यात कागदावर पडणारं चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं होतं, ते लोलकाने सरळ केलेलं असे, म्हणून निदान वाचता येई. काळ्यावर पांढरं नको असेल तर त्या प्रतीची पुन्हा प्रत. काबूलच्या खोक्याचंच हे सरकारी रूप. रेक्टिग्राफ कंपनी १९३५ मध्ये हॅलॉइड नावाच्या, फोटोचा कागद बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली. १९६१ मध्ये हॅलॉइडने नाव बदललं आणि ती झेरॉक्स झाली.

कलावंतांपैकी एक नाव घ्यायलाच हवं. व्हेरा लुटर या जर्मन छायाचित्रकर्तीने नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या खोलीलाच कॅमेरा केलं. खिडक्या बंद, एक बारीक छिद्र आणि समोरच्या भिंतीवर माणसापेक्षा उंच कागद. पुढे मालवाहू कंटेनर वापरून त्यांनी कारखाने, विमानतळ, व्हेनिस टिपलं. एक्स्पोजर कित्येक तासांचं, कधी काही महिन्यांचं. त्या निगेटिव्हवरून प्रत काढत नाहीत, काळं आकाश आणि उजळ सावल्यांची ती निगेटिव्हच भिंतीवर लावतात. वर्दळीची माणसं त्यात उमटतच नाहीत, कारण कागदाला दखल घ्यावीशी वाटेल इतका वेळ कुणी थांबत नाही. याहून लांबचा पल्ला इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेवर २०२० मध्ये सापडला. रेजिना फाल्केनबर्ग हिने विद्यार्थिदशेत बिअरच्या डब्यात कागद घालून, छिद्र पाडून तो तिथे बांधला होता आणि विसरली होती. आठ वर्षांचे सूर्याचे मार्ग त्यावर कमानींसारखे उमटले होते. असा कागद धुवायचाच नसतो. उजेडानेच तो रंगलेला असतो, स्कॅन करताना स्कॅनरच्या उजेडाने आणखी थोडा रंगतो, म्हणून पहिला स्कॅन नीट घ्यावा लागतो.

आपली साधी निगेटिव्ह हाती आल्यावर काय? टॅलबटच्या काळापासूनचा मार्ग कॉन्टॅक्ट प्रिंटचा: दुसऱ्या कागदावर ती तोंडाला तोंड लावून पालथी घालायची, वर काच ठेवायची आणि पाठीमागून उजेड द्यायचा. इथे एक विचित्र गोष्ट घडते. हातात घेऊन पाहिली तेव्हा कडक वाटलेली निगेटिव्ह छापताना बरीच मऊ पडते. आपण कागदी फोटो पाहतो तेव्हा उजेड चांदीच्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या थरावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. पाठीमागून उजेड दिला की तो एकदाच गाळला जातो. त्यामुळे पाहताना एकास शंभर दिसणारं काळ्या-पांढऱ्याचं अंतर छपाईत साधारण एकास दहापर्यंत उतरतं. आणि एकास दहा-बारा हेच ग्रेड दोनच्या कागदाचं माप. कॉन्टॅक्ट प्रिंट काढायची असेल तर निगेटिव्ह भरपूर काळी धुवावी, स्कॅन करायची असेल तर हात आखडता घ्यावा. एकच निगेटिव्ह दोन्हींना सारखी चालत नाही. हे न कळल्यामुळे कागदाला नावं ठेवणारे बरेच भेटतात.

छापायची निगेटिव्ह कोणत्या कागदावर काढावी यातही तडजोड आहे. प्लास्टिकचा थर असलेला आरसी कागद सपाट राहतो आणि लवकर वाळतो, पण बऱ्याचदा त्याच्या पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं आणि ते थेट आकाशात उमटतं. फायबर कागदावर नाव नसतं, तंतूंची रवाळ जाळी मात्र येते. इस्त्री आणि टीपकागदाच्या मदतीने त्यात मेण मुरवलं तर तो बराच पारदर्शक होतो. ट्राइपच्या पिढीचा तोच रस्ता.

तोंडाला तोंड लावल्याने आरशासारखी डावी-उजवी झालेली प्रतिमा आपोआप सरळ होते. स्कॅन करणाऱ्याला ते काम स्वतः करावं लागतं. काळं-पांढरं उलटवायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, डावं-उजवं पुष्कळांच्या राहत नाही. असे फोटो ओळखायला सोपे: सदऱ्याचा खिसा उजव्या बाजूला गेलेला असतो.